कूलर न्यायचे, संत्रीही न्यायची: पिकअपला दीड लिटरचं इंजिन घ्यावं की अडीचचं?

पत्र्याचा कूलर

नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला आमचं कूलर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत माल सारखा बाहेर जातो: अमरावती, यवतमाळ, पांढुर्णा, छिंदवाडा. माल हलका पण बोजड. पत्र्याचे मोठे कूलर दोन थर रचले की गाडी भरलेली दिसते, वजन मात्र सहाशे-सातशे किलो. दिवाळीच्या सुमारास चित्र उलटं. सासरे काटोलकडचे बागायतदार. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की त्यांची आणि शेजाऱ्यांची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात न्यायची असतात. तेव्हा कॅरेट रचून गाडी दाबून भरलेली.

आजवर भाड्याच्या गाडीवर भागवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून घरात विषय निघाला तो अजून चालूच आहे.

यादीत दोन गाड्या उरल्यात. टाटा इंट्रा व्ही३०: १४९६ सीसी, ७० हॉर्सपॉवर, १४० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर), १३०० किलो माल. दुसरी महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप, सिटी १.३. मालाची क्षमता तीच, हॉर्सपॉवरही जवळपास तेवढीच, पण इंजिन २५२३ सीसीचं आणि टॉर्क २००. बाबा म्हणतात मोठं इंजिन घे, दमत नाही. चुलतभाऊ म्हणतो डिझेलचा खर्च कोण देणार? दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि हप्ते मी भरणार.

ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या भरून चालवल्यात त्यांनी सांगा. रिकाम्या गाडीचा अनुभव नको.

पाना नंबर चौदा

भाऊ, सीसी पाहून काही समजत नाई. ताकद कोन्त्या आरपीएमले, म्हनजे इंजिनाच्या मिनिटाले किती फेऱ्यांवर, भेटते ते पाय. बोलेरोचा पूर्ण टॉर्क १४०० पासूनच हाजर होते. व्ही३० चा १८०० ले. कागदावर हा फरक चारशेचा, पन भरलेली गाडी चढावर उभी हाये आन् हँडब्रेक सोडून उचलायची हाये तेव्हा याच चारशेत क्लचप्लेट जळते. माह्याकडं येनाऱ्या गाड्यांत क्लचचं काम सगळ्यात जास्त याच कारनानं निघते. ड्रायव्हर अर्धा क्लच धरून रेस देत राह्यते आन् मालक म्हनते कंपनीचा माल खराब.

टर्बो, म्हनजे इंजिनात जादा हवा दाबनारा पंखा, हवा भरत नाई तोवर इंजिन आपल्या सीसीच्याच भरवशावर असते. म्हनून मोठं इंजिन खालून उचलते, लहान इंजिनले आधी गरगर फिरवा लागते. येवढीच गोष्ट हाये, बाकी सारा गप्पांचा बाजार.

सात टक्के चढ

पाना भाऊंशी सहमत. पण धागाकर्त्याच्या मार्गांवर हे किती वेळा घडणार, ते मोजून बघू. ढोबळ हिशोब मांडतो, चूक दिसली तर सांगा.

पहिली गोष्ट, या दोन्ही गाड्यांना कंपनीतूनच वेगनियंत्रक येतो, ताशी ८० च्या वर जाणार नाहीत. म्हणजे "हायवेला पळते का" हा प्रश्न निकालात निघाला.

सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जाताना, कूलर उंच रचलेले असताना, हवेला ढकलायला साधारण ११ किलोवॅट लागतात आणि टायरच्या घर्षणाला ६-७. गिअरबॉक्समधली गळती धरून झाले वीसच्या आसपास, म्हणजे २७ हॉर्सपॉवर. तुमच्याकडे दोन्हीकडे सत्तर आहेत.

आता घाट. गाडी पूर्ण भरलेली, एकूण वजन अडीच टन, पाच टक्के चढ, वेग ताशी ४०. वजन उचलायला १४ किलोवॅट, बाकी चार-पाच. सगळं मिळून पुन्हा २७-२८ हॉर्सपॉवर. अमरावती रोडवर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट घ्या, नाहीतर छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानी घाट. दोन्ही गाड्या चढतील. फरक पडेल गिअरमध्ये. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून बघा: १५०० आरपीएमला बोलेरोच्या इंजिनातून ४२ हॉर्सपॉवर मिळतात. व्ही३० चं इंजिन १८०० ला ३५ देतं. एक गाडी वरच्या गिअरमध्ये शांतपणे चढेल, दुसरीला एक गिअर खाली टाकून ओरडत चढावं लागेल. वेळ दोघींना जवळपास सारखाच लागेल.

डिझेलबद्दल एक गंमत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, छिंदवाडा ६७५ च्या आसपास. अडीच टन वजन ३६५ मीटर वर उचलायला किती डिझेल लागतं? पाऊण लिटर. बस. त्याच सव्वाशे किलोमीटरात ताशी ८० ने गेलात तर नुसत्या हवेपायी पाच लिटरच्या वर जातं. ६० ने गेलात तर तीन. घाट बदनाम आहे, खरं डिझेल सावनेरच्या सरळ रस्त्यावर जळतं.

मृगबहार

सात टक्के, हिशोब आवडला. पण तो डांबरी रस्त्याचा आहे. बागेतून गाडी बाहेर काढण्याचा यात कुठेच नाही.

आमची बाग नरखेडकडे. परतीचा पाऊस पडून गेला की बागेतल्या काळ्या मातीत चाक रुततं, त्यात शंभर मीटर पुढे पांदण रस्त्याला चढ. तिथे गाडी ताशी पाचच्या वेगाने, न थांबता, झटका न देता निघाली पाहिजे. झटका बसला की खालच्या कॅरेटमधलं फळ दबतं आणि कळमन्यात भाव उतरतो. इथे मोठ्या इंजिनाचा फायदा दिसतो. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी हळूहळू सरकते. भाड्याने येणाऱ्या लहान इंजिनाच्या गाड्यांना रेस द्यावी लागते, मग चाक जागीच फिरतं आणि आमची माणसं मागून ढकलतात.

दादा, तुमच्या सासऱ्यांची बाग रस्त्याला लागून आहे का? असेल तर माझं बोलणं सोडून द्या.

चिखलात चारचाकी

@मृगबहार, चिखलात अडकण्यामागे इंजिनापेक्षा टायर आणि वजनाची वाटणी जास्त असते. दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात. माल पुढे सरकवून भरला तर मागची चाकं हलकी होऊन फिरतात. दोनशे टॉर्क द्या नाहीतर चारशे, गुळगुळीत टायर जागीच फिरणार.

बाकी लहान इंजिन म्हणजे कमी दम, हे समीकरण कधीच मागे पडलं. इसुझुची व्ही-क्रॉस घ्या. ती २०१६ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा अडीच लिटरचं इंजिन होतं, १३४ हॉर्सपॉवर, ३२० टॉर्क. आता १.९ लिटरचं येतं, १६३ हॉर्सपॉवर आणि ३६० टॉर्क. इंजिन सहाशे सीसीने घटलं आणि जोर वाढला. मी दोन्ही चालवल्यात. नवी सरसच आहे, फक्त दीड हजार आरपीएमच्या खाली जुनीचा शांत ओढा आठवतो.

डॅलसचा धंतोलीकर

इकडे टेक्सासातही हाच वाद, फक्त आकडे फुगलेले. फोर्डच्या एफ-१५० मध्ये २.७ लिटरचं टर्बो व्ही६ घ्यावं की ५ लिटरचं व्ही८, यावर माणसं दोस्ती तोडतात. २.७ मध्ये ३२५ हॉर्सपॉवर आणि ५४० च्या आसपास न्यूटन-मीटर, व्ही८ मध्ये ४०० आणि ५५५. टॉर्क जवळजवळ सारखा, पण लहान इंजिन तो ३००० आरपीएमला देतं, मोठं सव्वाचार हजारांना. म्हणजे पाना भाऊंच्या नियमाने इथे लहान इंजिनच खालून उचलतं! कारण व्ही८ ला टर्बो नाही. शेजारी व्ही८ घेतो ते आवाजासाठी, हे त्यालाही माहीत आहे.

रविवारी गवत कापायचं यंत्र न्यायला चारशे हॉर्सपॉवर लागतात म्हणे.

पाना नंबर चौदा

@डॅलसचा धंतोलीकर, म्या डिझेलची गोष्ट केली राजेहो, दोन्हीले टर्बो हाये इकडं. तुमच्या तिकडं पेट्रोल. आन् ते आवाजाचं खरं हाये, आमच्याकडंबी बुलेट तशीच इकते.

लाल परमिट

इंजिनावर एवढं रान पेटलंय, कागदपत्रांचं कोणी बोलतच नाही.

खासगी कारचा थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो: हजारच्या आत, दीड हजारच्या आत, त्यावर. म्हणून लोकांना वाटतं पिकअपलाही अडीच लिटरचा विमा महाग पडेल. मालवाहू गाडीला तो एकूण वजनावर असतो आणि ७५०० किलोपर्यंत एकच टप्पा आहे. २०२२ च्या दरपत्रकात तो १६,०४९ रुपये होता. इंट्रा असो वा बोलेरो, रक्कम तीच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग किमतीप्रमाणे बदलेल तेवढाच.

लायसनचंही तसंच. ७५०० किलोच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने यावर शिक्कामोर्तब केलं. असं लायसन असलेलं घरातलं कोणीही गाडी नेऊ शकतं.

पाहायची रेघ ३००० किलोची. एकूण वजन त्याच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. तुमचं पांढुर्णा-छिंदवाडा म्हणजे दुसरं राज्य, तिथे याचा उपयोग आहे. बुकिंगआधी त्या मॉडेलचं एकूण वजन लेखी घ्या, सेल्समनच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. १.७ टनाची पिकअप घ्यायला गेलात तर ही रेघ ओलांडलीच समजा.

इतवारी पार्किंग

मी नागपूर शहरातच माल पोचवतो, इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ. तिथल्या गल्लीत इंजिन कितीचं हे कोणी विचारत नाही, गाडी वळते का ते विचारतात. बोनेट पुढे आलेली गाडी तेवढी लांब होते. उलट मे महिन्यात ४५ अंशांत सीटखाली इंजिन असलेली गाडी चालवून बघा, बूड शेकून निघतं. एसी घेतलाच तर लहान इंजिनावर त्याचा भार जाणवतो, भरलेल्या गाडीने उड्डाणपूल चढताना मी बंद करतो.

आणि तुम्ही शहरातच फिरणार असाल तर बीएस-६ डिझेलच्या काजळीच्या फिल्टरची चौकशी करा. आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब आणि एका वेगात पळाली पाहिजे, म्हणजे तो तापून स्वतःला साफ करतो. नाहीतर डॅशबोर्डवर दिवा. तुमची गाडी अमरावतीला जाणार, तुम्हाला त्रास नसावा.

ता. क.: मोठा डेझर्ट कूलर केवढ्याला?

पत्र्याचा कूलर

@इतवारी पार्किंग, निरोप पाठवतो. मार्चमध्ये विचारलात तर भाव वेगळा :)

@मृगबहार ताई, बाग रस्त्यापासून आत आहे. पांदण आहे, चढ नाही. पावसानंतर तुम्ही म्हणता तसंच होतं.

चुलतभावाला गप्प करायला डिझेलचा आकडा हवा आहे. किती फरक धरावा?

सात टक्के चढ

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, सारख्याच वजनाने, एकाच ड्रायव्हरने चालवल्याशिवाय खरा आकडा कळणार नाही, आणि तसं कोणी करत नाही. म्हणून जास्तीत जास्त वाईट धरू. एक गाडी लिटरला १५ देते, दुसरी १२. वर्षाला २५ हजार किलोमीटर. एकीला १,६६७ लिटर, दुसरीला २,०८३. फरक ४१६ लिटरचा. डिझेल नव्वद रुपये धरलं तर साडेसदतीस हजार, महिन्याला तीन हजारांच्या थोडं वर. चुलतभाऊ अगदीच चूक नाही.

पण हाच ड्रायव्हर कूलर भरून ८० ऐवजी ६५ ने चालला तर यातला मोठा वाटा परत येतो. लहान इंजिन घेऊन ८० ने हाणणाऱ्यापेक्षा मोठं इंजिन घेऊन ६० ने जाणाऱ्याचं डिझेल कमी जळू शकतं.

अमरावती अप-डाऊन

तुम्ही सगळे व्ही३० आणि बोलेरोतच अडकलात. इंट्रा व्ही५० कोणी का बोलत नाही? इंजिन तेच १४९६ सीसी, पण ८० हॉर्सपॉवर आणि २२० टॉर्क, १७५० ते २५०० च्या मधे. माल १५०० किलो. एकूण वजन २९४०, म्हणजे लाल परमिट यांच्या रेघेच्या आत. सीसी लहान गाडीचं, टॉर्क मोठ्या गाडीच्या वर.

पाना नंबर चौदा

हे बरं काढलं. त्याच इंजिनातून १४० च्या जागी २२० काढले म्हनजे आत दाब आन् उष्णता वाढली, हेबी ध्यानात ठेवा. तेल वेळेवर, कंपनीनं सांगितलं तेच. घाट चढून आल्यावर ढाब्यासमोर लगेच चाबी फिरवू नका, मिनिटभर चालू राहू द्या, टर्बो थंडा होते. मोठं इंजिन हयगय सहन करते, हे करत नाई. ड्रायव्हर घरचा असन तर घ्या. रोज नवा ड्रायव्हर असन तर बोलेरोच बरी.

चिखलात चारचाकी

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. इंजिन निवडताना ड्रायव्हर कोण हे कोणी विचारत नाही.

ट्रायल घेताना एक करा. शोरूमवाले रिकामी गाडी देतात, तिच्यावर काही कळत नाही. ओळखीच्या माणसाकडे तीच गाडी असेल तर हजार किलो रेती किंवा सिमेंटच्या गोण्या भरा आणि चढावर मुद्दाम थांबून पुन्हा उचला. दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगावरून दाबा. या दोन गोष्टींत सगळं उघड होतं.

सीएनजी घ्या ना

व्ही२० मध्ये सीएनजी आणि पेट्रोल दोन्ही येतं. तिचा विचार केला का?

अमरावती अप-डाऊन

@सीएनजी घ्या ना, तिची मालाची क्षमता कमी आहे, संत्र्याच्या दिवसांत पुरणार नाही. शिवाय पुण्यासारखे जागोजागी पंप इकडे कुठे आहेत?

पत्र्याचा कूलर

चिखलात चारचाकी यांनी सांगितलं तसं केलं. एका गिऱ्हाइकाकडे व्ही३० आहे आणि सासऱ्यांच्या ओळखीत बोलेरो. दोन्ही सिमेंट भरून चढावर थांबवून उचलल्या. बोलेरो नुसत्या क्लचवर निघाली. व्ही३० ला रेस द्यावी लागली, पण निघाली, मागे सरकली नाही. वीसवरून दाबल्यावर व्ही३० क्षणभर विचार करते, मग पळते. रिकाम्यात हा फरक अजिबात जाणवला नव्हता.

व्ही५० भरलेली कुठे मिळाली नाही, शोरूमची रिकामीच चालवली. त्यामुळे तिचा टॉर्क अजून कागदावरचाच. पण टेप घेऊन डाला मोजला तेव्हा विषयच फिरला. आमचा मोठा कूलर २६ इंचांचा. चार रांगा म्हणजे १०४ इंच. व्ही३० मध्ये चार बसतात, पण फाळका लावताना बोट घालायला जागा उरत नाही. व्ही५० चा डाला पाऊण-एक फूट लांब आहे, चार रांगा बसून वुडवूलचे (कूलरच्या जाळीतल्या गवताचे) गठ्ठे आणि स्टँड मागे राहतात. वर्षातले सर्वात जास्त किलोमीटर कूलरचेच, तेव्हा व्ही५० कडे कल आहे. गाडी मी आणि चुलतभाऊच चालवणार, म्हणून पाना भाऊंची अटही पुरी होते. बाबा अजून बोलेरोच म्हणतात.

एक विचारायचं होतं. कूलर उंच रचतो म्हणून डाल्यावर लोखंडी जाळी करून घ्यायची आहे, आणि संत्र्यासाठी मागच्या स्प्रिंगला एक-एक पाटा (पोलादी पट्टी) वाढवायचा आहे. करू का?

लाल परमिट

जाळीचं वजन तुमच्या १५०० किलोतूनच जाणार. ऐंशी किलोची जाळी केली तर चार कॅरेट कमी भरायचे, साधा हिशोब. आणि जास्त भरून पकडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. संत्र्याच्या एका खेपेत तेवढं सुटत नाही.

सात टक्के चढ

जाळी केलीतच तर ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री हवेला चांगलीच अडवते. आणि केबिनपेक्षा उंच जाणारा थर पुढे सपाट भिंतीसारखा ठेवू नका. पहिली रांग एका थराची, मागच्या दोन थरांच्या.

पाना नंबर चौदा

पाटा वाढवू नको भाऊ. पाटा वाढला म्हनून ब्रेक वाढत नाई, एक्सल जाड होत नाई. लोकं पाटे टाकतात, मग दोन टन भरतात, आन् उतारावर ड्रम तापून ब्रेक सुटते. वरून तुह्या कूलरच्या दिवसांत गाडी हलकी असन तेव्हा मागून असे दचके देईन का पत्र्याचे जोड खुलून जाईन. कंपनीचे पाटे हायेत तेच ठेव, टायरमधी हवा मालापरमानं कमी-जास्त कर. जाळी करायची तर बोल्टची कर, वेल्डिंगची नको, संत्र्याच्या हंगामात खोलून ठेवता येते.